मेंढपाळाची वाट : दुष्काळी मुलखांतील धनगरांचें दारिद्र्य व आपलें कर्तव्य

कार्तिक महिना सरत आला, भाताची कापणी व झोडणी आटोपली आणि खाचरांत नुसते खुंट उरले, म्हणजे कोंकणांतील शेतकऱ्यास घाटाकडे डोळे लावून बसण्याची जुनी संवय आहे. घाटावरून मेंढ्यांचे कळप खालीं उतरावयाचे, तट्टांच्या पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या व नुकतीं जन्मलेलीं कोकरें लादलेलीं असावयाचीं, आणि खांद्यावर घोंगडी टाकलेला कारभारी बांधावर उभा राहून, यंदा किती रात्री मेंढरें बसवावयाचीं, असें विचारावयाचा. आमच्या मंडळांतील वडीलधाऱ्या सभासदांस हें दृश्य चांगलें आठवतें.

मानपाडा या नांवाचीं दोन गांवें आपल्या बाजूस आहेत. एक ठाणें शहरालगत घोडबंदर रस्त्यावर व दुसरें डोंबिवलीजवळ कल्याण–शिळ रस्त्यावर. दोहोंची कथा एकच आहे. १९६० नंतर कारखाने आले, मागून वसाहती आल्या, आणि जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां उंच इमारती उभ्या आहेत. आपल्यापैकीं पुष्कळांनीं जमिनी विकल्या, कांहींची फसगत झाली, कांहींचें बरें झालें. त्याविषयीं येथें बोलावयाचें नाहीं. परंतु आपल्या खाचरांबरोबर आणखी एका माणसाची उपजीविका गेली, व त्याला या व्यवहारांत कोणीं विचारलेंहि नाहीं. तो माणूस म्हणजे घाटावरचा मेंढपाळ धनगर. त्याची स्थिति काय आहे, तो गरीब कां आहे व त्याची गरिबी हटविण्यास काय करावयास पाहिजे, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

हा प्रश्न निघाला म्हणजे एक उत्तर ठरलेलें असतें : "हे लोक भटकतात म्हणून गरीब आहेत, एके जागीं राहिले तर सुधारतील." आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. फिरणें हें त्यांच्या दारिद्र्याचें कारण नसून दारिद्र्यावरचा त्यांचा जुना उपाय आहे. तो उपाय आपण सर्वांनीं मिळून थोडाथोडा बंद करीत आणला, हें खरें कारण होय.

मुलूख आणि पाऊस

सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोलें व माळशिरस हे तालुके, आणि उत्तरेस पारनेर–संगमनेरचा माळ, असा पर्जन्यछायेचा प्रदेश पसरलेला दिसतो. ठाणें–कल्याणच्या बाजूस वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; माणदेशांत त्याचा पांचवा हिस्सा पडला तरी लोक बरें वर्ष म्हणतात. त्यांतहि पाऊस कमी पडतो यापेक्षां तो बेभरंवशाचा आहे ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका गांवाच्या शिवारांत सर पडून गेली तरी शेजारचें शिवार कोरडें राहतें. एका वर्षीं भरलेला ओढा पुढें दोन वर्षें वाहत नाहीं. १८७६–७८, १८९६–९७, १८९९–१९००, १९७२–७३, २०१२–१३ आणि २०१८–१९ हीं सालें या मुलखांत पिढ्यान् पिढ्या मोजलीं जातात. जमीन उथळ, मुरमाड. तींत कुसळी गवत, बोर, बाभूळ व हिवर एवढेंच सहज येतें.

अशा जमिनींतून माणसाचें पोट भरावयाचें, तर ज्या जनावरास थोडक्या, विखुरलेल्या व खुरट्या चाऱ्यावर जगतां येतें आणि चारा असेल तेथें चालत जातां येतें, असें जनावर पाळणें हाच शहाणपणा होय. दख्खनी मेंढी ही नेमकी तशी आहे. काळी किंवा करडी, राठ लोकरीची, अंगानें लहान. परंतु चालण्यास काटक व उन्हास न डगमगणारी. जत तालुक्यांतील माडग्याळची मेंढी अंगानें मोठी व मांसाकरितां नांवाजलेली आहे. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांतील मेंढ्यांची संख्या सुमारें २७ लक्ष भरली. त्यांतील फार मोठा भाग याच कोरड्या पट्ट्यांत आहे.

फिरण्यामागील शास्त्र

पावसाळ्यांत दख्खनच्या माळावर गवत असतें, तेव्हां मेंढ्या घरीं असतात. दसरा–दिवाळीच्या सुमारास गवत वाळतें व पाणवठे आटूं लागतात. त्याच वेळीं कोंकणांत भात निघून खाचरें मोकळीं होतात. म्हणून वाडा, म्हणजे चार–सहा बिऱ्हाडांचा मिळून एकत्र चालणारा तळ, घाट उतरतो. पारनेर–संगमनेरकडील मंडळींस माळशेज घाट जवळचा. तो उतरला कीं मुरबाड व पुढें कल्याण. अधिक दक्षिणेकडचे लोक बोरघाटानें किंवा वरंध घाटानें रायगड जिल्ह्यांत उतरतात. मृगाचें नक्षत्र जवळ आलें, म्हणजे मागें फिरतात. कारण कोंकणांतल्या पावसांत दख्खनी मेंढीचे खूर सडतात, ओली लोकर अंगावर वाळत नाहीं व जंतांनीं कळप खंगतो. सारांश, जेथें ज्या महिन्यांत चारा आहे तेथें त्या महिन्यांत जनावर नेणें हें या फिरण्याचें सूत्र आहे. पावसाच्या लहरीपणास याहून स्वस्त उत्तर अद्याप कोणास सांपडलेलें नाहीं.

या फिरण्यांत शेतकऱ्याचा लाभ कोणता, तोहि मांडूं. साध्या शेणखतांत नत्राचें प्रमाण शेंकडा ०.५ च्या आसपास असतें. मेंढ्याशेळ्यांच्या लेंडीखतांत तें शेंकडा ३ पर्यंत जातें, शिवाय स्फुरद १ व पालाश २ मिळतें. समजा, कळप २०० मेंढ्यांचा आहे आणि रात्रीं दर मेंढीमागें पाव किलो लेंडी पडते. एका रात्रींत ५० किलो व दहा रात्रींत ५०० किलो खत झालें. मूत्र जमिनींत मुरलें तें निराळेंच. वाघूर म्हणजे जाळीचें कुंपण दररोज थोडें पुढें सरकविलें कीं खत सारखें पसरतें. गाडी नको, पाट्या नकोत, मजूर नको. या सेवेबद्दल शेतकऱ्यानें धान्य व पुढें पुढें रोकड द्यावी असा रिवाज पडला. दान दिल्यासारखें यांत कांहीं नाहीं. हा दोन धंद्यांमधला रोखठोक सौदा आहे.

गरिबी कोठून आली

मग असा जाणता व उद्योगी माणूस गरीब कां? याचें पहिलें कारण असें, कीं त्याच्या वाटेचीं दोन्हीं टोंकें व मधली वाट अशीं तिन्ही आंखडत गेलीं. इंग्रजी अमलांत १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव वनें ठरलीं व पुष्कळ ठिकाणीं चराई बंद झाली. पुढें नीरा, प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांनीं नदीकांठच्या जमिनींत ऊंस आला. कालव्यानें शेतकऱ्याचें भलें केलें यांत संशय नाहीं. परंतु ज्या शेतांत बारमाही पीक उभें असतें तेथें मेंढरास पाय टेकावयास जागा राहत नाहीं. गायरानांवर वस्त्या झाल्या, पडिक माळ नांगराखालीं आले, आणि इकडे खालच्या टोंकास आपल्या मानपाड्यासारखीं गांवें शहरांत गेलीं. राहिली मधली वाट. माळशेजवरून येणारा कल्याण–अहिल्यानगर रस्ता आतां भरधाव वाहनांचा आहे. पहाटेच्या धुक्यांत एक मालमोटार कळपांत शिरली, तर एका कुटुंबाची वर्षांची कमाई पांच पळांत रस्त्यावर पडते.

दुसरें कारण लोकरीचें. पूर्वीं धनगरानें लोकर कातरावी, सणगरानें घोंगडें विणावें व शेतकऱ्यानें तें पांघरावें अशी सांखळी होती. गिरणीच्या स्वस्त कापडापुढें व कृत्रिम धाग्यापुढें ती तुटली. आज पुष्कळ ठिकाणीं कातरणीची मजुरीसुद्धां लोकरींतून निघत नाहीं, म्हणून कातरलेली लोकर टाकून देण्याची पाळी येते. सर्व भार कोकरांच्या विक्रीवर आला. आणि वाटेवरच्या माणसास बाजारभाव कळण्याआधींच दलाल गांठतो.

तिसरें कारण सर्वांत खोल आहे, व तें हिशेबानेंच समजेल. समजा, एका कुटुंबाजवळ ५० माद्या आहेत, व दहा माद्यांमागें वर्षाला आठ कोकरें जगतात. म्हणजे ४० कोकरें. २० नर व २० माद्या. नर विकले, १० माद्या म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागीं ठेविल्या व उरलेल्या १० विकल्या, तर ३० कोकरांवर घर चालतें. आतां दुष्काळ पडला, व ५० च्या १० माद्या उरल्या असें धरूं. पुढच्या वर्षीं ८ कोकरें. ४ नर, ४ माद्या. त्यांतल्या २ माद्या म्हाताऱ्यांच्या जागीं गेल्या. म्हणजे कळपाची खरी वाढ वर्षाला एक पंचमांश. या गतीनें १० च्या ५० माद्या होण्यास नऊ वर्षें लागतात. आणि तींहि केव्हां, तर नऊ वर्षें त्या घरानें एकहि मादी विकली नाहीं, लग्नकार्य व आजारपण चार नरांच्या विक्रींत भागविलें तर! आतां वर दिलेलीं सालें पुन्हा पाहावीं. २०१२–१३ नंतर २०१८–१९ हा दुष्काळ सहाच वर्षांनीं आला. कळप भरून निघण्यापूर्वींच दुसरा घाव बसतो. मग मेंढपाळ ऊंसतोडीस जातो, नाहीं तर ज्या खाचरांत त्याच्या बापानें मेंढरें बसविलीं त्याच जागीं उठणाऱ्या इमारतीवर घमेलें उचलतो.

दूर देशचें एक उदाहरण

ही आपत्ति आपल्याकडेच आहे असें नाहीं. आफ्रिकेंत इथिओपिया देशाच्या दक्षिणेस ओरोमो लोकांपैकीं बोराना या नांवाचे गुराखी राहतात. त्यांच्याकडे वर्षांतून दोन पावसाळे असतात. २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पांच पावसाळे कोरडे गेले व गुरांचे कळपचे कळप नष्ट झाले. त्याच देशांत अवाश नदीच्या खोऱ्यांत करायू नांवाचे ओरोमो पशुपालक आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांच्या उन्हाळी कुरणांपैकीं मोठा भाग ऊंसाच्या मळ्यांत व राष्ट्रीय उद्यानांत गेला. पाऊस गेला तेव्हां ज्या नदीकांठाचा आधार घ्यावयाचा, तोच हातीं राहिला नाहीं. आमच्या नीराकांठच्या धनगरास ही गोष्ट परक्या देशाची वाटणार नाहीं.

परंतु बोराना लोकांपासून घेण्यासारखेहि पुष्कळ आहे. त्यांच्या खोल विहिरींतून माणसें एकावर एक उभीं राहून हातोहात पाणी वर देतात, आणि कोणत्या दिवशीं कोणाच्या गुरांस पाणी पाजावयाचें हें ठरलेलें असतें. ज्याचीं गुरें गेलीं, त्यास कुळांतील इतरांनीं जनावरें देऊन पुन्हा उभा करावा असा त्यांचा रिवाज आहे; त्यास ते 'बुसा गोनोफा' म्हणतात. वरील हिशेब ज्यानें वाचला आहे त्यास या रिवाजाचें मर्म लगेच कळेल : दहा मेंढ्यांवर आलेल्या घरास पहिल्याच वर्षीं आणखी वीस दिल्या, तर नऊ वर्षांचें काम तीन वर्षांवर येतें. याच प्रदेशांत, केनियांत २०१० पासून व बोराना मुलखांत २०१२ पासून, एक नवीन तऱ्हेचा विमा सुरू झाला. त्यांत मेलेलें जनावर दाखवावें लागत नाहीं; उपग्रहावरून चाऱ्याची हिरवळ मोजतात व ती ठरीव मर्यादेखालीं गेली, म्हणजे भरपाई देतात. आपल्याकडे मेंढी मेली तर तिच्या कानांतला बिल्ला, पंचनामा व दाखला हें सर्व वाटेवरच्या माणसास जमविणें किती कठीण आहे, हें सांगावयास नको.

काय करावयास पाहिजे

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. मेंढी व शेळी यांकरितां महामंडळ आहे, त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवींचें नांव आहे, व दहिवडी, रांजणी, महूद अशा ठिकाणीं त्याचीं प्रक्षेत्रें आहेत. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेंत २० माद्या व १ नर यांसाठीं शेंकडा ७५ अनुदान ठेविलें. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गॅरोल मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी रक्तांत आणून 'सुवर्णा' ही जात तयार केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र जुळ्यांच्या आईस चाराहि अधिक लागतो, हें विसरतां कामा नये. उणीव आहे ती अशी, कीं बहुतेक सर्व सोयी एके जागीं बसणाऱ्या माणसाकरितां आंखलेल्या आहेत. दुष्काळांतल्या छावण्याहि मुख्यतः गाईबैलांकरितां उघडल्या जातात. आमच्या मतें पुढील गोष्टींची निकड आहे.

पहिली, वाट. घाटवाटांलगत ठराविक अंतरावर मुक्कामाची जागा व पाण्याचा हौद राखून ठेवावा, आणि हंगामांत वाहनें सावकाश हांकण्याचे फलक लावावे. २००६ च्या वनहक्क कायद्यांत फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य झालेला आहे. परंतु जे अनुसूचित जमातींत गणले जात नाहींत त्यांस तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. धनगर हे महाराष्ट्रांत भटक्या जमाती (क) या वर्गांत मोडतात. तेव्हां जुने चराईचे दाखले घरांतल्या ट्रंकेंत असतील, तर ते जपून ठेवावे, असें आमचें त्यांस सांगणें आहे.

दुसरी, कळपाचें आरोग्य. पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस, पीपीआर व देवी यांच्या लसी वेळेवर, आणि पावसाळ्याच्या आधीं व नंतर जंतांचें औषध, एवढें झालें तरी पुष्कळ कोकरें वाचतील. ओल धरलेल्या खाचरांत यकृतांतील चपट्या कृमींचा धोका असतो. म्हणून पाणथळ कोंपऱ्यांत मेंढ्या चरूं देऊं नयेत. पशुवैद्यानें गांवाची हद्द न पाहतां, कळप ज्या हद्दींत असेल तेथें उपचार करावा.

तिसरी, मुलांचें शिक्षण व शिधा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलास एका शाळेंतून दुसरींत जाण्याचा हक्क दिला आहे, व २०१९ पासून टप्प्याटप्प्यानें कोणत्याहि गांवच्या दुकानांत शिधा घेण्याची सोय झाली आहे. हे हक्क कागदावरून वाड्यापर्यंत आणण्याचें काम गांवचा शिक्षक व दुकानदारच करूं शकतो. मुलींचें शिक्षण यांत सर्वांत आधीं बुडतें, कारण कोकरें सांभाळण्याचें काम त्यांच्याकडे असतें. म्हणून गांवीं आजीआजोबांजवळ राहणाऱ्या मुलांकरितां हंगामी वसतिगृहाची सोय विशेष पाहिजे.

चौथी व मुख्य, पडलेला कळप पहिल्याच वर्षांत उभा करणें. नव्या लाभार्थ्यांस कळप देणें हें एक काम; दुष्काळांत ज्याचा गेला त्यास त्याच वर्षीं माद्या देणें हें निराळें व अधिक तांतडीचें काम होय. विमा, सहकारी पतपेढी व कुळांतील परस्पर साहाय्य या तिहींचा मेळ घातल्यास तें साधेल. माद्या कर्जाऊ द्याव्या व फेड कोकरांनींच घ्यावी, ही रीत खेड्यांतल्या माणसास समजावून सांगावी लागत नाहीं.

आपलें कर्तव्य

मानपाड्याचीं खाचरें परत येणार नाहींत. परंतु मुरबाड, शहापूर व भिवंडी या तालुक्यांत अजून भात पिकतें, व तेथील शेतकरी या पत्राचे वाचक आहेत. त्यांस आमची विनंति आहे, कीं भात निघाल्यावर खुंट व पेंढ्याचा चुरा जाळूं नये. तो मेंढरांचा चारा आहे. राब भाजण्याच्या जागेवर चार–पांच रात्री कळप बसवून पाहावा. खत आयतें मिळेल व झाडांच्या फांद्या तोडण्याचें काम कमी होईल. मोबदला आधीं ठरवावा व ठरल्याप्रमाणें द्यावा. ज्या विहिरीवर तुमचीं गुरें पाणी पितात, तेथें वाड्यासहि पाणी भरूं द्यावें. रात्रीं चोर आला किंवा पिकाच्या नुकसानीवरून तंटा झाला, तर पाहुण्यावर एकदम हात न उचलतां गांवानें बसून तो मिटवावा; या माणसास त्या गांवांत आपल्यावांचून दुसरा साक्षीदार नसतो.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें साल कुरणें व पशुपालक यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ठरविलें. सभा व ठराव होतात, ते व्हावेत. आम्हांस मात्र असें वाटतें, कीं या कामाची खरी परीक्षा कार्तिकांत, एखाद्या बांधावर होते. घाट उतरून आलेला कारभारी बांधावर उभा राहतो व किती रात्री बसवावयाचीं असें विचारतो. त्यास, या, पांच रात्री बसा, असें म्हणणारा शेतकरी जोंपर्यंत भेटतो तोंपर्यंत ती वाट चालू आहे, आणि त्या वाटेवर त्या घराचा संसार चालू आहे.